मदत हवी आहे: लग्नाच्या बोर्डासाठी बोरूच्या वळणाचा फाँट

मंडळी, अमळनेरला मांडवाच्या गेटवर 6 बाय 2 फुटांचा बोर्ड लावायचाय: ‘वऱ्हाडी मंडळींचे सहर्ष स्वागत’. ‘यात्रा वन’ हा फाँट अंगाने जाड, रेल्वेच्या पाट्यांच्या वळणाचा. लग्नाला नाजूकपणा हवा. दुसऱ्या एका फुकटच्या फाँटात ‘ऱ्ह’ फुटतो: नुक्त्याचा ऱ पाय मोडून उभा, ह बाजूला सुटा. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे!

खरी कटकट प्लॉटरची, म्हणजे चिकट व्हिनाइलमधून अक्षरं कापणाऱ्या मशीनची. अक्षरांचे कर्व्हज (बाह्यरेषा) केल्यावर शिरोरेषा अक्षरावर चढते तिथेही ब्लेड चालतं. वेल्ड केलं (आकार एकत्र जोडले) की ते मिटतं, पण वेलांटीचं 1 मिमीचं टोक व्हिनाइल सोलताना उचललं जातं. आउटलाइन वाढवली तर ‘ळीं’चा अनुस्वार वेलांटीला चिकटतो.

मराठी ल-श असलेला, टोकं 2 मिमी राहतील असा युनिकोड फाँट कोणता? की बोरूने लिहून ट्रेस करणंच बरं?