वायफाय हॅण्डसेट : २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड उघडे ठेवायचे की फक्त ५ वर बांधायचे?

रेंजवाला
काल इथे एकाने हॉस्पिटलच्या हॅण्डसेटबद्दल सल्ला दिला : 'दोन्ही बँड चालू ठेवा, नेटवर्कचं नाव एकच द्या, बँड स्टिअरिंग लावा, फोन आपला आपण चांगला बँड धरतो.' वाचून राहवलं नाही. धरतो, पण कुठला? एपी (ॲक्सेस पॉइंट, वायफायचा सिग्नल देणारी डबी) दोन्ही बँडवर सारख्याच पॉवरने चालत असेल तर त्याच जागी २.४ चा सिग्नल ६-७ डीबीने (डेसिबलने) जास्त दिसतो. मोठा आकडा दिसला की फोन तिकडे पळतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६, ११. त्यातच ब्लूटूथ, पँट्रीतला मायक्रोवेव्ह आणि नातेवाइकांचे हॉटस्पॉट. मग रेंजच्या काड्या पूर्ण आणि आवाज तुटका.

स्टिअरिंगमध्ये एपी २.४ वर मुद्दाम उत्तर देत नाही, म्हणजे फोन ५ कडे वळेल. लॅपटॉपला हे चालतं. बोलत बोलत जिना चढणाऱ्या सिस्टरच्या फोनला तो उशीर परवडत नाही. वायफायची उपकरणं बनवणारी सिस्कोसुद्धा आवाजाच्या नेटवर्कवर हे लावू नका असंच सांगते.

हॅण्डसेट फक्त ५ वर बांधा. चॅनल ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५. नऊ चॅनल पुष्कळ झाले.

जांभा_भिंत
साफ असहमत. आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल कोकणात, जुनी इमारत, दीड फुटी जांभ्याच्या भिंती. असंच कुणाचं तरी ऐकून ५ वर बांधले होते. बाळंतिणींच्या खोल्यांत फोन मेले. सिस्टर दारात उभ्या राहून बोलायच्या, आत बाळ रडतंय. आठवड्यात दोन्ही बँड उघडले. तुमच्याकडे जिप्समच्या भिंती असतील.

बिनतारी
@रेंजवाला, नऊच का? २०१८ मध्ये आपल्याकडे ५ मधले बरेच चॅनल खुले झालेत की.

रेंजवाला
खुले झाले, पण मधल्या चॅनलवर रडारला पहिला मान. तिथे पुढचा एपी शोधताना फोनने आधी हाक मारायची नसते, एपीच्या बीकनची, म्हणजे 'मी इथे आहे' या सिग्नलची, वाट पाहत गप्प ऐकायचं. एका चॅनलला साधारण १०० मिलिसेकंद. दहा चॅनल ऐकले की सेकंद गेला, आणि आवाजाचं पॅकेट तर दर २० मिलिसेकंदांनी जायला हवं.

@जांभा_भिंत, फोनवर बँड उघडून भिंत पातळ होत नाही. खोलीच्या कोपऱ्यात उणे ६७ डीबीएम इतका सिग्नल मिळत नसेल तर एपी कमी आहेत.

जांभा_भिंत
वाढवा म्हणणं सोपं आहे. पैसे कोण देणार? आमच्याकडे व्हेंटिलेटरसाठी वर्गणी काढावी लागते.

नेटवर्क_नाना
बँड-बिंड नंतर. मूळ रोग कॉरिडॉर! ठेकेदार सगळे एपी कॉरिडॉरमध्ये ओळीने टांगतात. सरळ नजरेत असल्यामुळे फोन या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिल्याच एपीला चिकटून राहतो. वळण घेतलं की एकदम मरतो. मी स्वतः फॉल्स सीलिंगची लादी सरकवून पाहिलंय : एपी एसीच्या डक्टला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला, मध्ये पत्रा, पलीकडे वॉर्ड. निळा दिवा लागलाय म्हणून रिपोर्टमध्ये 'ओके'.

केबल_ओढणारा
नाना, ठेकेदाराला शिव्या घालण्याआधी ऐका. खोलीत पेशंट असताना भोक पाडू देत नाहीत, धूळ उडते. काम रात्री बारा ते चार. एपीचा आकडा टेंडरमध्ये आधीच ठरलेला. मी खोल्यांत लावायचा नकाशा दिला होता, केबल जास्त लागते म्हणून तिथल्या इंजिनिअरनेच खोडला. तुम्ही एक तरी रात्र वॉर्डात शिडीवर काढलीय का?

नेटवर्क_नाना
शिडीवर काढली नाही, पण तुमच्यासारख्यांनी टांगलेले एपी दोन वर्षं निस्तरतोय. डक्टला बांधा असं टेंडरमध्ये लिहिलेलं नसतं!

केबल_ओढणारा
तो मी बांधलेला नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स आहे. तुमचं भांडण निम्मं कळलं. एका रात्री अडीच वाजता जिना चढत डॉक्टरांना रिपोर्ट सांगत होते : 'पोटॅशियम सहा पॉइंट...' आणि फोन गेला. पुढचा आकडा त्यांना कळलाच नाही. सहा पॉइंट एक आणि सहा पॉइंट नऊ यात किती फरक आहे ते तुम्हाला माहीत नसेल, आम्हाला आहे. धावत काउंटरवर जाऊन तारेच्या फोनवरून सांगितलं. आजही असे आकडे मी तिथूनच सांगते. तुमच्यापैकी कुणी कधी फोन कानाला लावून जिना चढून पाहिलाय?

नेटवर्क_नाना
ताई, नाही पाहिला. मी लॅपटॉप घेऊन फिरतो. फोन घेऊनच फिरायला हवं, चुकलंच.

रेंजवाला
ताई, तुमच्या जिन्यातल्या एपीसाठी मी काउंटरवर बसून भांडायला तयार आहे.

@जांभा_भिंत, तुमच्या इमारतीत दोन्ही बँड ठेवा, तेवढ्यापुरतं मान्य. पण २.४ ची पॉवर ५ पेक्षा ६ डीबीने उतरवा, कॉरिडॉरमधल्या एकाआड एक एपीचा २.४ बंद करा आणि स्टिअरिंग काढा. फोनवर ५ ला प्राधान्य द्यायची सोय असेल तर ती लावा. ११आर (एका एपीवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) मात्र आधी एका फोनवर तपासा. काही जुने हॅण्डसेट त्या नेटवर्कला जोडतच नाहीत.

जांभा_भिंत
काल रात्री करून पाहिलं. फोन कानाला लावूनच फिरलो, पलीकडे ऑपरेटर आकडे मोजत होता. चार खोल्यांपैकी तीनमध्ये फोन ५ वर टिकला, एकही आकडा गळला नाही. चौथीत २.४ वर गेला आणि तिथेही आवाज स्वच्छ होता. फक्त ५ वर बांधला असता तर त्या खोलीतली सिस्टर पुन्हा दारात आली असती. तेव्हा पॉवरचं तुमचं बरोबर, बांधण्याचं नाही.