वर्ड्सवर्थ म्हणजे अद्वैतच का?

शेळगीकर:
यंत्रमागाच्या शेडवर हिशेब लिहितो आणि बाहेरून एम.ए. करतोय. वर्ड्सवर्थ या इंग्रज कवीच्या ‘टिंटर्न ॲबी’ कवितेत मावळतीचा उजेड, समुद्र, हवा, माणसाचं मन, सगळ्यांत एकच चैतन्य खेळतंय असं कवी म्हणतो. गाईड म्हणतं, सरळ अद्वैत लिहा. मला ते पटंना. सोलापुरात सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्यावर हात आपोआप जोडले जातात, ही कविता वाचून नाही जोडले जात. फरक नेमका कुठंय?

रेल्वे लाइन्सची मावशी:
गाईडला वाटेल ते म्हणू दे. ‘टिंटर्न’ 1798 ची. पाच वर्षांनी कवी वाय नदीकाठी परत आलाय. नदीने शहराच्या गलबल्यात आपल्याला शांती दिली, वस्तूंच्या आतलं दिसू लागलं, असं सांगतो आणि लगेच चाचरतो: हा माझा पोकळ विश्वासही असेल! तरी नदीकडेच वळतो. वेदान्ती असा चाचरेल का? शिवाय त्याची सगळी भिस्त आठवणीवर. शेली हा दुसरा इंग्रज कवी, त्याला तर 1811 मध्ये नास्तिकतेच्या पत्रकापायी ऑक्सफर्डमधून काढलं. पाच वर्षांनी त्याने ‘माँ ब्लाँ’ ही पर्वतावरची कविता लिहिली, तीही प्रश्नावर संपते. या मंडळींना एका माळेत ओवू नकोस बाबा.

कंबर तलाव:
मावशी, त्याच काळातला इंग्रज कवी ब्लेक राहिला की! वर्ड्सवर्थच्या पुस्तकाच्या समासात त्यानं लिहून ठेवलंय, हा कवी नव्हे, हा तर पाखंडी तत्त्वज्ञ. ब्लेकला निसर्ग पुरत नव्हता, त्याला देवदूत दिसायचे. म्हणजे भांडण घरातच!

विडी घरकुल:
इंग्रजी आमच्या डोक्यावरून जातं, पण शिवभक्त संत सिद्धरामेश्वरांची वचनं आजीकडून ऐकलीत. वचनात ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हे देवाचं नाव येणारच. हाक कुणाला, ते पक्कं. तुमचा हा कवी कुणाला हाक मारतो ओ?

रेल्वे लाइन्सची मावशी:
लाखात बोललात. आधी नदीला आणि शेवटी शेजारी उभ्या बहिणीला, डोरोथीला. पुढं मी नसलो तरी हा काठ लक्षात ठेव, असं तिला विनवतो. देवाला हाक नाहीच. शेळगीकर, तुझे हात का जुळत नाहीत ते इथं बघ.

शेळगीकर:
म्हणजे उत्तराची सुरुवात बहिणीपासून करतो. ब्लेकचा शेरा घातला तर चालेल का, का मार्क कापतील?

कंबर तलाव:
घाल की बिनधास्त. फक्त तो शेरा 1826 चा आहे, ‘टिंटर्न’च्या कितीतरी नंतरचा, तेवढं सांभाळ.