पूल क्यूवरील धातूच्या रिंगा उन्हाळ्यात वर येतात : मदत हवी आहे

नमस्कार. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे आणि गेली अडीच वर्षे संध्याकाळच्या वेळात पूल खेळण्याचे क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, हाताने बनवतो. आतापर्यंत अकरा क्यू पूर्ण झाले आहेत. जोड आणि टीप यांवर माझा हात बऱ्यापैकी बसला आहे. मात्र बटवर, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावर, ज्या शोभेच्या धातूच्या रिंगा बसवतात, त्यांनी मला अडवून ठेवले आहे, म्हणून लाकूड आणि धातू या दोन्हींची जाण असलेल्या सभासदांचा सल्ला हवा आहे.

माझा क्यू ५८ इंच लांब आणि साधारण १९ औंस वजनाचा असतो. बटचा पुढचा भाग मेपलचा, मूठ आणि मागची बाही शिसवाची असते. जिथे ही दोन लाकडे भेटतात तिथे मी १.५ मिलिमीटर जाडीची पितळी रिंग घालतो. आमच्या आजोबांच्या काठीला पितळी शेंबी होती, ती वापरून वापरून सोन्यासारखी झळकायची. क्यूवर पितळच हवे हा माझा हट्ट तिथूनच आला आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये बनवलेला एक क्यू मी ओळखीतल्या एका महाविद्यालयीन मुलाला दिला होता. मे महिन्यात तो परत घेऊन आला. वरवर पाहता काहीच दिसत नव्हते, पण मुठीच्या पुढच्या रिंगेवरून नख फिरवले की ते एका ठिकाणी अडकत होते, पाव फेरा फिरवला की सुळकन सरकत होते, आणखी पाव फेऱ्यावर पुन्हा अडकत होते. म्हणजे रिंग समोरासमोरच्या दोनच बाजूंना वर आली होती. मायक्रोमीटर लावला. रिंग बनवली तेव्हाइतकीच २५.०० मिलिमीटर होती, पण तिच्या शेजारचे मेपल एका दिशेने २४.९३ आणि दुसऱ्या दिशेने २४.८० भरले. रिंगेच्या कडेला लॅकरमध्ये केसाएवढी तडाही गेली होती.

पितळ उन्हाने फुगले असावे असे मला आधी वाटले. परंतु तापमानात २० अंशांचा फरक धरला तरी एवढ्या व्यासाची पितळी रिंग जेमतेम दहा मायक्रॉन वाढते, तेव्हा दोष पितळाचा नाही. ऑगस्टच्या दमट हवेत ओलावा धरलेले लाकूड मी त्याच अवस्थेत शेवटच्या मापाला उतरवले आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या झळांनी ते आकसले. त्यातही लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवे हलते, आणि वार्षिक वलयांच्या कडेने त्याची हालचाल वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून गोल बट किंचित लंबगोल झाले आणि गोल राहिलेली रिंग दोन बाजूंना उघडी पडली. कारण कळले आहे, पण त्यावर उपाय काय करावा हे कळत नाही.

दुसरी अडचण आवाजाची आहे. दोन क्यूंमध्ये जोरात फटका मारला की बटमधून बारीक झणझण येते. या रिंगा मी दोन लाकडे जोडणाऱ्या मधल्या खुंटीवर अगदी घट्ट मापाने दाबून बसवल्या होत्या. आणखी एक त्रास असा की, एमरी पेपर मारताना पितळाची काळसर पूड शेजारच्या मेपलच्या छिद्रांत बसते आणि मग काही केल्या निघत नाही. वजनाची मात्र मला काळजी नाही, कारण एवढी रिंग पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरते आणि तोल फारसा सरकत नाही.

या सगळ्यात मनात बिदरीचा विचार घोळतो आहे. माझी आई उदगीरची असल्यामुळे घरात बिदरीची सुपारीची डबी आहे आणि तिच्यावरची काळ्या जमिनीतली चांदीची वेल मला बटवर पाहायची आहे. पण बिदरीचा धातू बहुतांश जस्त आणि थोडे तांबे असा असतो. त्याचे काळेपण बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम लेपाने येते आणि ते पृष्ठभागापुरतेच असते. रिंग बसवून मग लेथवर मापाला आणली तर काळेपण खरवडून जाणार, आणि बसवल्यानंतर गरम लेप दिला तर लाकूड आणि रिंग चिकटवणारे इपॉक्सी दोन्ही बिघडणार. यातून कोणी मार्ग काढला आहे का? तो नसेल तर काळ्या रिंगेत चांदीचे उभे तुकडे शिवणीच्या टाक्यांसारखे कसे बसवावेत, हे तरी सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी नांदेडचा, सुतारकाम आणि थोडे लेथकाम करतो. आपण कारण बरोबर ओळखले आहे, त्यामुळे उपायाकडे येतो. बटचे तुकडे एका दमात मापाला उतरवू नका. दर खेपेस थोडे छिलून खोलीत उभे टांगून ठेवा, त्यांचे वजन करत राहा आणि वजन स्थिर झाल्याशिवाय पुढची छिलाई करू नका. शेवटचे माप पावसाळ्यात घेऊच नका; दिवाळीनंतरची हवा मधली असते, तेव्हा घेतले तर पावसाळा आणि उन्हाळा या दोन्ही टोकांना फरक निम्मा राहतो. फरक पूर्ण जाईल अशी आशा मात्र ठेवू नका, कारण लाकूड हलणारच. मुठीसाठी किनवटकडचा जुना सागवान मिळाला तर वापरून पाहा, तो बराच कमी हलतो.

पितळाच्या दोन्ही अंगांना हायलमच्या (बेकेलाइटसारख्या कडक पत्र्याच्या) पातळ चकत्या घाला. हायलम हवेने फारसे हलत नाही आणि लॅकर त्यावर पितळापेक्षा चांगले धरते. उंचीचा फरक पडला तरी तो हायलम आणि लाकूड यांच्या रेषेवर पडेल, तिथे तडा सहज जात नाही. झणझण येते ती घट्ट बसवल्यामुळेच, कारण रिंग खुंटीवर सरकताना इपॉक्सी पुसून काढते आणि आत कोरडी जागा राहते. भोक खुंटीपेक्षा दोन दशांश मिलिमीटर मोठे ठेवा, रिंगेची दोन्ही तोंडे खरबरीत करून अॅसिटोनने पुसा आणि सावकाश धरणारे इपॉक्सी वापरा. पितळावर शेवटचा हात धारदार टूलने द्या आणि एमरी अगदी थोडी मारा, कारण तिने रिंग तापली की आतले इपॉक्सी मऊ पडते. मेपलला आधीच सीलरचा (छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचा) हात दिला तर पूड आत जात नाही.

चांदीच्या टाक्यांसाठी हायलमचा किंवा काळ्या लाकडाचा दंडगोल घ्या, त्याला लांबीत समान अंतरावर खाचा पाडा, चांदीच्या पट्ट्या त्यांत चिकटवा आणि मग लेथवर पार्टिंग टूलने (तुकडा कापून वेगळा करायच्या हत्याराने) चकत्या कापा. एका दंडगोलातून बऱ्याच रिंगा निघतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. भोकाच्या मापाची चूक आता लक्षात आली; कारखान्यातल्या बेअरिंगच्या सवयीने मी लाकडावरही दाबूनच बसवत होतो. हायलम आणि चांदीचा दंडगोल या आठवड्यात करून पाहतो आणि छायाचित्रे इथेच टाकतो. मापाला मात्र दिवाळीनंतरच हात घालीन. बिदरीचा प्रश्न अजून उघडा आहे, तरी बिदरचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे बिदरी काम जवळून पाहिलेल्या कोणी सांगावे, की काळी करून पूर्ण झालेली रिंग पुन्हा न छिलता बसवायची, तर तिचे बाहेरचे माप किती अचूक मिळू शकते.