‘धर्म की विज्ञान?’ हा विषय नको
दादरच्या चर्चागटासाठी ‘धर्म की विज्ञान?’ हा विषय सुचवला गेलाय; तो ठेवलात तर दहाव्या मिनिटाला नुसता आरडाओरडा. त्यापेक्षा एकच घटना घ्या: ऑगस्ट २००६, माहीमचं समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरत होते. पावसाळ्यात मिठी नदीचं गोडं पाणी तिथे उतरतं, खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं. हे झालं विज्ञान. ते तीर्थ मानायचं का, हा श्रद्धेचा प्रश्न. पण त्यात सांडपाणीही असतं; मग पोराला पाजणाऱ्या आईला अडवायचं का? खरी खडाजंगी इथे होते, निम्मा वेळ इथेच द्या. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा मांडायला लावा, तो ‘हो, हेच म्हणतोय’ म्हणेपर्यंत. आणि माईक सूत्रसंचालकाकडेच ठेवा, नाहीतर दोघेच बोलत बसतात.