निरोध मागायला बाईला नेमकी भीती कशाची वाटते?

शेंगाचटणी : सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी नऊ वर्षं काउंटरवर आहे. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मागायला बायका येतात. आवाज हळू असतो, पण येतात. निरोध मागणाऱ्या मात्र बोटांवर मोजाव्यात इतक्याच. एकीनं "मिस्टरांनी चिठ्ठी दिलीय" म्हणून कागद पुढं केला, पेन अजून तिच्याच हातात होतं.

पैशाचा प्रश्न नाही. सरकारच्या २०११ च्या योजनेत आशाताईंनी घरपोच द्यायच्या तीनच्या पाकिटाला एक रुपया ठरला होता. अडतंय ते मनात. गोळी नंतर गुपचूप घेता येते. निरोधाचं आधी बोलावं लागतं, आणि बोललं की अर्थ निघतो: एक तर नवऱ्यावर विश्वास नाही, नाहीतर हिचंच काहीतरी आहे. रोगापेक्षा त्या अर्थाची भीती मोठी.

कडकभाकरी : काय सांगायलाव ताई! लग्नाच्या बायकोला निरोध कशाला? दोन पोरं झाली, ऑपरेशन झालं, विषय संपला. चांगल्या घरांत उगाच संशय पेरू नका.

शेंगाचटणी : दादा, ऑपरेशनानं पोर थांबतं. गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), एचआयव्ही थांबत नाही. तांबीचंही तेच, गोळीचंही तेच. आणि "ऑपरेशन झालं" म्हणजे कुणाचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी ०.३ टक्के. निरोध ९.५.

मागावरची : मला दोघांचंही पटत नाही. "अडतंय ते मनात" म्हटलं की दोष परत बाईवर. आमच्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या बायका आहेत. एका खोलीत सहा माणसं, नवरा पिऊन आलेला. तिथं "आधी हे घाल" म्हणणारीला काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती घाबरत नाही, हिशोब करते, आणि हिशोब बरोबर असतो. त्याच पाहणीत ३५.१ टक्के पुरुष म्हणाले की मूल न होऊ देण्याचं बघणं हे बाईचं काम. मन तपासायचंय तर त्यांचं तपासा.

शेंगाचटणी : मार खाणारीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं, मी ते सोडूनच दिलं होतं. पण जुळे सोलापुरातल्या पगारदार बायकाही माझ्याकडं येतात, नवरे समंजस. त्याही मागत नाहीत. त्यांना विचारलं तर "आपल्याला काय होणार?" धोका आहे हे मान्य केलं तर नवऱ्याबद्दलही काहीतरी मान्य करावं लागतं. त्यापेक्षा धोकाच नाही म्हणणं सोपं.

कडकभाकरी : म्हणजे सगळे नवरे बाहेर जातात?

शेंगाचटणी : नाही हो. संसर्ग लग्नाआधीचा असू शकतो, त्याचा किंवा तिचाही. परमा बाईच्या अंगात कित्येकदा काही लक्षण न दाखवता बसतो.

गड्ड्यातला_पाळणा : नर्स आहे. अशा संसर्गानं अंगावरून जातं म्हणून बाई येते, औषध घेते. नवरा तपासायला येत नाही. महिन्यात बाई परत दारात. समजावून थकले, शेवटी एक युक्ती सापडली. तिला सांगते, "घरी म्हणायचं, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, औषध संपेपर्यंत निरोधाशिवाय नाही." मग मागणारी ती नसते, डॉक्टरीण असते. संशयाला जागाच नाही. बऱ्याच घरांत चालतं.

मागावरची : म्हणजे स्वतःच्या अंगाबद्दल बोलायलाही दुसऱ्याचं नाव लावायचं. आणि औषध संपल्यावर?

गड्ड्यातला_पाळणा : आमच्या एकीचं औषध दोन वर्षं चालू आहे.