मदत हवी आहे: एलसॅटच्या लॉजिकल रीझनिंगमध्ये वेळ पुरत नाही

एलसॅट, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा, दहा आठवड्यांवर आलीये. घड्याळ लावून सराव पेपर सोडवला की १५७-१५८ गुण, तोच पेपर वेळेचं बंधन न ठेवता सोडवला तर १६६. म्हणजे समजतंय, पण वेळेत जमत नाहीये. रीडिंग कॉम्प्रिहेन्शनची काळजी नाही. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (तर्काच्या कोड्यांचा सेक्शन) गेल्यामुळे गुण मिळणाऱ्या तीन सेक्शनपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे (छोटे युक्तिवाद तपासायचे प्रश्न), आणि नेमकी तिथेच माती खातेय.

३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न. माझे पहिले दहा १२ मिनिटांत होतात, मग 'नेसेसरी असम्प्शन' (युक्तिवाद टिकायला काय गृहीत धरावंच लागतं, ते ओळखायचा प्रश्न) आला की गाडी रुतते. पाच पर्यायांपैकी तीन लगेच उडतात. उरलेल्या दोघांना उलटं करून बघते (हे विधान खोटं धरलं तर युक्तिवाद कोसळतो का?), आणि त्यातच अडीच मिनिटं जातात. शेवटचे तीन-चार प्रश्न न वाचताच टिक करावे लागतात.

चुकांची वही ठेवतेय, चुकलेला प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवतेय. रोज नुसते असम्प्शनचे वीस प्रश्नही करून झाले; अचूकता वाढली, वेग तसाच.

वकिलांच्या ऑफिसात पूर्णवेळ पॅरालीगल आहे, त्यामुळे रोज दीड तासच मिळतो. महागडा क्लास नको. तारीख पुढे ढकलायचीही नाही, कारण अर्ज याच वर्षी करायचाय.

असा प्रश्न दोन पर्यायांवर अडला की तुम्ही खूण करून लगेच पुढे जाता, की तिथेच निकाल लावता? आणि सोडायचा तर किती सेकंदांनी?