आपण कुठे हसलात, आणि कुठे हसू थांबले?

बोंग जून-हो यांचा 'पॅरासाइट' (२०१९) मी भरलेल्या प्रेक्षागृहात पाहिला. श्रीमंत जोडपे सोफ्यावर पहुडून ड्रायव्हरच्या अंगाच्या वासाविषयी बोलत आहे आणि तोच ड्रायव्हर आपल्या मुलांसह जवळच्या मेजाखाली श्वास रोखून पडला आहे, या प्रसंगाला मागच्या रांगा खळखळून हसत होत्या आणि माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण रडत होती. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "तुला त्यात हसण्यासारखे काय दिसले?" मीही हसलो होतो, हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते. चित्रपट चांगला की वाईट, हा निवाडा येथे नको आहे. एखाद्या डार्क कॉमेडीने, म्हणजे मृत्यूसारख्या भीषण विषयावर हसवणाऱ्या चित्रपटाने, आपल्या घरात किंवा मित्रमंडळींत दोन तट पाडले असतील, तर तो नेमका प्रसंग कोणता होता आणि त्या क्षणी आपले काय झाले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

०

माझा अनुभव 'पीपली लाइव्ह'चा (२०१०) आहे. माझ्या मामांनी कर्जापायी जीव दिला होता, आणि ही गोष्ट माझ्यासोबत आलेल्या सहकाऱ्यांना ठाऊक नव्हती. आत्महत्या केल्यास घरच्यांना सरकारी मदत मिळते, हे ऐकून नत्था आणि बुधिया हे दोघे भाऊ मरायचे कोणी याविषयी बोलू लागतात, तेथे प्रेक्षागृहात मोठा हशा पिकला आणि मी मध्यंतरात उठून घरी आले. काही वर्षांनी मी तो चित्रपट एकटीने, शेवटपर्यंत पाहिला. नत्था जीव देणार ही बातमी पसरून त्याच्या दारात कॅमेऱ्यांची जत्रा भरलेली असताना त्याच गावातला होरी महतो रोज माती खणतो, आणि एके दिवशी त्याच खड्ड्यात मरून पडतो. त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. त्या प्रसंगाला दिग्दर्शिका अनुषा रिझवी यांनी विनोदाचा स्पर्शही होऊ दिलेला नाही, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की हा चित्रपट नत्थाला हसत नसून त्याच्या मरणाची वाट पाहणाऱ्यांना हसतो आहे. त्यामुळे दिग्दर्शिकेवरचा माझा राग गेला. पहिल्या वेळी माझ्या आजूबाजूची माणसे कोणाला हसत होती, हे मात्र मला अजूनही कळलेले नाही, आणि सहकाऱ्यांना ते विचारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

०

वरचा अनुभव वाचून मला माझे मत अधिकच ठामपणे मांडावेसे वाटते. चित्रपट कोणाला हसतो आहे, हे समजण्यासाठी जर तो दुसऱ्यांदा आणि एकांतात पाहावा लागत असेल, तर पहिल्या वेळी जी जखम झाली तिची जबाबदारी चित्रपटावरही येते. मी असे चित्रपट पाहणे सोडले आहे, आणि मला विनोद समजत नाही असे कोणी म्हटले की खरोखर वाईट वाटते.

०

मी चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतो. स्टॅन्ली क्युब्रिक यांचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) दाखवतो तेव्हा ज्येष्ठ विद्यार्थी हसतात आणि तरुण विद्यार्थी अवघडून बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्याच सेनापतीने अण्वस्त्रे घेऊन विमाने धाडली आहेत, हे अमेरिकेचा अध्यक्ष सोव्हिएत पंतप्रधानांना फोनवर एखाद्या रुसलेल्या मित्राची समजूत काढावी तशा सुरात सांगतो. एका विद्यार्थिनीने मला विचारले होते की इतक्या भयंकर विषयाची अशी थट्टा का करावी. ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला आहे ती गंभीर होती आणि क्युब्रिक यांनाही आधी गंभीर चित्रपटच करायचा होता. परंतु पटकथा लिहिताना जे प्रसंग हास्यास्पद म्हणून गाळावे लागत होते तेच त्यांना सर्वांत खरे वाटू लागले, असे मी तिला सांगितले. चाचणी खेळ २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ठरला होता आणि त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्यामुळे तो रद्द करावा लागला, हेही सांगितले. तिचे समाधान झाले नाही. तिने निबंधात लिहिले की कारण पटले, पण हसू आले नाही, आणि मी त्या निबंधाला वर्गात सर्वाधिक गुण दिले, कारण तिने स्वतःच्या प्रतिक्रियेशी खोटेपणा केला नव्हता.

०

मी शवविच्छेदन विभागात काम करते, त्यामुळे कुंदन शहा यांच्या 'जाने भी दो यारों'मधील (१९८३) भ्रष्ट आयुक्त डिमेलोच्या प्रेताची फरफट मला नेहमीच हसवत आली आहे. ज्यांचा मृत्यूशी रोजचा संबंध येतो त्यांना थोडे हसावेच लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामावर जाणे कठीण होते. भावजी गेल्यानंतर काही महिन्यांनी ताई माझ्याकडे राहायला आली होती आणि मी पुरेसा विचार न करता हाच चित्रपट लावला. प्रेताला द्रौपदी करून महाभारताच्या रंगमंचावर उभे केले जाते, तेथे मी हसत होते आणि ताई ताठ बसून होती. शेवटी 'हम होंगे कामयाब' चालू असताना कैद्यांच्या वेषातले चित्रपटाचे नायक, ते दोघे मित्र, गळा कापल्याची खूण करत गळ्यावरून हात फिरवतात, तेव्हा माझे हसू नेहमीप्रमाणे विरले, आणि ताई म्हणाली, "एवढे एकच खरे आहे."

मी तिची क्षमा मागितली. त्यावर बऱ्याच वेळाने तिने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. भावजींचे एक खाते बंद करायला ती मृत्यूचा दाखला घेऊन एका कार्यालयात तीनदा गेली होती, आणि तिसऱ्या वेळी तेथील कर्मचाऱ्याने अगदी अदबीने सांगितले होते की खातेदाराने स्वतः हजर राहून सही केल्याशिवाय हे काम होणार नाही. ते सांगता सांगता ताई हसू लागली, आणि कितीतरी वेळ हसतच राहिली.